सहीच्या आधीची तीन वर्षे

सांगलीकर आणि मिरजकर श्रोतेहो,

हृदयविकार, मधुमेह, गुडघेदुखी या विषयांवर व्याख्यान ठेवले की सभागृह भरते, हे ठाऊक असूनही आयोजकांनी आजची संध्याकाळ पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांच्या शिक्षणासाठी राखून ठेवली, याबद्दल त्यांचे आभार मानतो. आपला आणि पॅथॉलॉजिस्टचा संबंध बहुधा एका कागदापुरता येतो. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचे, संध्याकाळी रिपोर्ट आणायचा, ठळक अक्षरांत छापलेले आकडे तेवढे पाहायचे आणि तो आपल्या डॉक्टरांपुढे ठेवायचा. त्या कागदाच्या तळाशी एक सही असते. ती कोणाची असावी यावर बरीच वर्षे वाद चालला, आणि डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, ही भूमिका कायम केली. सही कोणाची हे ठरले. ती करण्याची योग्यता अंगी कशी येते, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, मग नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर एमडीची तीन वर्षे, असा तो रस्ता आहे. या शेवटच्या तीन वर्षांविषयी मला बोलायचे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की हे शिक्षण मायक्रोस्कोपखाली जितके होते, त्याहून अधिक त्याच्या अलीकडे, म्हणजे ग्रॉसिंगच्या (शरीरातून काढलेला नमुना तपासून, कापून त्यातले तुकडे निवडण्याच्या) टेबलावर, शवविच्छेदनाच्या खोलीत आणि वॉर्डातल्या डॉक्टरांशी होणाऱ्या बोलण्यात होते, आणि नेमका तोच भाग आज पातळ होत चालला आहे.

हे इथे बोलण्यालाही कारण आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभे केले, तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र आणि सीमेपलीकडचा कर्नाटक दुखणे घेऊन मिरजेच्या स्टेशनावर उतरतो आहे. 1962 साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे कराडला आणि सांगलीत खाजगी महाविद्यालयेही आली. पॅथॉलॉजी शिकणाऱ्याला सर्वांत आधी लागते ती आजारांची विविधता, आणि ती या पट्ट्यात मुबलक आहे. जत-आटपाडीकडचा शेतकरी, ऊसतोडणीसाठी आलेला मजूर, मिशरीची सवय सुटत नसलेली आजी आणि गुटख्याने तोंड उघडेनासा झालेला पंचविशीतला तरुण, या सगळ्यांचे नमुने एकाच विभागाच्या टेबलावर येतात.

त्या टेबलापाशी थोडे थांबू. तोंडाच्या कर्करोगासाठी जिभेचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, की ते सगळे फॉर्मलिनच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणाच्या, बरणीत विभागात येते. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, ज्याला सगळे जेआर वन म्हणतात, तो प्रथम बरणीवरचे नाव आणि फॉर्मवरचे नाव जुळवतो. मग सर्जनने घातलेले टाके पाहतो. लांब टाका कोणत्या बाजूचा आणि आखूड कोणत्या बाजूचा, हे फॉर्मवर लिहिलेले असावे लागते, कारण शरीरातून बाहेर आलेल्या जिभेच्या तुकड्याला डावे-उजवे उरत नाही. कापलेल्या कडांना तो शाई लावतो. नंतर लांब पात्याच्या सुरीने पातळ चकत्या करतो, पांढुरकी, टणक वाढ कुठवर गेली आहे ते पट्टीने मोजतो, आणि गाठ व शाईची कड या दोन्ही गोष्टी एकाच तुकड्यात येतील अशा बेताने तुकडे काढून प्लास्टिकच्या लहान कॅसेटमध्ये ठेवतो. मानेच्या चरबीतल्या लसिकाग्रंथी डोळ्यांना दिसत नाहीत. त्या बोटांनी चाचपून काढाव्या लागतात. मसुरीएवढी गाठ बोटाला लागणे ही पुस्तकात वाचून येणारी गोष्ट नाही.

या कामाला हलके समजण्याची एक रीत आहे. ग्रॉसिंग म्हणजे उग्र वासाचे, डोळे चुरचुरवणारे, पहिल्या वर्षाच्या पोरांचे काम, असे मानून वरिष्ठ तिकडे फिरकत नाहीत. मला ही रीत घातक वाटते. जो तुकडा कॅसेटमध्ये गेला नाही, तो पुढे कोणालाच दिसणार नाही. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या प्राध्यापकालाही काचेवर जे आले तेवढेच पाहता येते. तोंडाच्या कर्करोगाच्या टप्प्यांच्या हल्लीच्या वर्गीकरणात गाठीच्या रुंदीबरोबर तिची खोलीही मोजतात, आणि पाच व दहा मिलिमीटर या खोलीच्या सीमा ओलांडल्या की टप्पा बदलतो. टप्पा बदलला की शस्त्रक्रियेनंतर शेक, म्हणजे किरणोपचार, द्यायचे की नाहीत, याचा विचार बदलू शकतो. गाठीची सर्वांत खोल जागा सोडून तुकडा घेतला, तर रिपोर्ट निर्दोष मराठीत किंवा इंग्रजीत लिहूनही तो चुकीचाच असतो. म्हणून जिथे गुरू स्वतः हातमोजे घालून टेबलापाशी उभा राहतो, त्या विभागातून बाहेर पडलेला विद्यार्थी लगेच ओळखू येतो.

ग्रॉसिंगनंतरचा प्रवास तंत्रज्ञांच्या हातचा असतो. रात्रभर यंत्रात अल्कोहोल, झायलीन आणि साठ अंशांच्या आसपास वितळलेले मेण यांतून तुकडा जातो, मेणाचा ब्लॉक होतो, आणि मायक्रोटोम या काप काढणाऱ्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप निघतात. ते काप एकमेकांना चिकटून फितीसारखे बाहेर येतात आणि कोमट पाण्यावर तरंगत सोडले की सुरकुत्या निघून सपाट होतात. ही फीत स्वतः काढून पाहिलेला निवासी डॉक्टर पुढे स्लाइडवरची रेघ सुरीच्या धारेची आहे की आजाराची, हे चटकन सांगतो. विभागातल्या जुन्या तंत्रज्ञांना मी तरी शिक्षकच मानतो, मग सरकारी पत्रकात त्यांचे पद काहीही असो.

मग येतो साइन-आउट, म्हणजे स्लाइड पाहून निदान पक्के करणे. दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपला एका बाजूने शिक्षक आणि दुसऱ्या बाजूने विद्यार्थी. माझा आग्रह असे की विद्यार्थ्याने स्लाइड आधी एकट्याने पाहावी, आपले निदान पेन्सिलने लिहावे आणि मगच माझ्यासमोर बसावे. सरांचे ऐकून मान हलवणे फार सोपे असते. एक नेहमीचे उदाहरण देतो. आपल्याकडे तरुण माणसाच्या मानेत गाठ आली की पहिला संशय क्षयाचा, आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. स्लाइडवर पेशींचे विशिष्ट पुंजके, मधे पनीरासारखी मृत जागा, मोठ्या बहुकेंद्रकी पेशी असे चित्र दिसते. पण तसे पुंजके हॉजकिनच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या एका, कर्करोगातही आढळतात आणि कर्करोगाच्या शेजारच्या ग्रंथीतही आढळू शकतात. पहिला पुंजका दिसताच ‘टीबी’ लिहून मोकळा होणारा विद्यार्थी स्लाइडच्या दुसऱ्या टोकाला दडलेली गोष्ट सोडून देतो. उलट, क्षयाचे जंतू दाखवणाऱ्या झील-नील्सन रंगात जंतू दिसले नाहीत म्हणून क्षय नाहीच, असेही लिहिता येत नाही. अशा वेळी जेआर टूने फोन उचलून वॉर्डात विचारायला हवे: रुग्णाला ताप आहे का, वजन उतरले का, छातीचा एक्स-रे काय म्हणतो. असा फोन करताना मुले लाजतात, आणि पलीकडच्या निवासी डॉक्टरला तो त्रास वाटतो. ही लाज तीन वर्षांत गेली पाहिजे.

रक्ताच्या बाबतीतही हेच. पाऊस ओसरला की डेंग्यूची साथ येते आणि घरोघरी ‘पेशी किती?’ हा एकच प्रश्न असतो. यंत्राने प्लेटलेट वीस हजार छापल्या की नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात. पण काही जणांच्या रक्तातल्या प्लेटलेट जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीए या रसायनाशी संपर्क आला की एकमेकींना चिकटतात, आणि यंत्र त्यांचे गठ्ठे प्लेटलेट म्हणून मोजत नाही. लीशमन रंगाने रंगवलेला स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, शेपटाच्या कडेपर्यंत पाहिला, तर ते गठ्ठे स्पष्ट दिसतात. निळ्या टोपणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतले की आकडा जागेवर येतो. रात्री दोन वाजता उठून तो स्मिअर पाहायचा की यंत्राचा आकडा पुढे ढकलायचा, हे निवासी डॉक्टरला कोणी पाहत नसताना ठरवावे लागते. पॅथॉलॉजीत रात्रपाळी नसते, म्हणून ही शाखा घ्या, असे सांगणाऱ्या काका-मामांना मी एवढेच कळवू इच्छितो.

रक्तपेढीचे शिक्षणही यातच येते. 1952 साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केला. या माणसांच्या पेशी साध्या तपासणीत ओ गटाच्या भासतात, परंतु त्यांचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशीही गुठळ्या करतो. म्हणून पेशींची तपासणी करून न थांबता रक्तद्रवाची उलट तपासणीही करावी, आणि तीत ओ पेशी वगळू नयेत. विद्यार्थी ही ओळ परीक्षेपुरती पाठ करतो. रक्तपेढीत सलग ड्यूटी केली तर ती हातात बसते.

आता ज्याची मला सर्वांत अधिक खंत वाटते, त्या शवविच्छेदनाविषयी. पोलिसांच्या प्रकरणातले शवविच्छेदन न्यायवैद्यक विभाग करतो, आणि पॅथॉलॉजीकडे बहुतेक वेळा हृदय, फुप्फुसाचा किंवा यकृताचा तुकडा बरणीतून येतो. आजाराने दगावलेल्या रुग्णाचे, निदान तपासून पाहण्यासाठी, नातेवाइकांच्या संमतीने केलेले शवविच्छेदन मात्र जवळजवळ थांबले आहे. सिटीस्कॅन आणि एमआरआय आल्यावर त्याची गरज उरली नाही, असे पुष्कळांना वाटते. संमती मागणे तर कोणालाच नकोसे असते, आणि शोकाकुल कुटुंबाला दोष देण्यात काही अर्थ नाही. परंतु संपूर्ण देहातील आजाराचा माग एका अवयवातून दुसऱ्या अवयवात काढण्याची सवय विद्यार्थ्याला दुसरीकडे कुठे लागणार? संग्रहालयातल्या जुन्या बरण्यांवर परीक्षा घेऊन आपण वेळ भागवतो. यावर निदान एवढे करता येईल: न्यायवैद्यक आणि पॅथॉलॉजी या दोन्ही विभागांचे निवासी डॉक्टर एकाच टेबलाभोवती उभे करावेत, आणि बरणीबरोबर घटनेची दोन ओळींची हकिकतही यावी.

एमडीसाठी लिहाव्या लागणाऱ्या प्रबंधाबद्दल थोडक्यात सांगतो. तो हवा, पण तिसऱ्या वर्षी ग्रॉसिंग सोडून एक्सेल भरत बसणारी मुले पाहिली की त्याचे वजन थोडे कमी करावेसे वाटते. 2020 साली आलेल्या जिल्हा निवासी कार्यक्रमात पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काढावे लागतात. कल्पना चांगली आहे. मात्र पॅथॉलॉजीचा विद्यार्थी तिथे नुसता सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टवर, सह्या करणारा जादा माणूस ठरू नये. बायोप्सी पाठवण्याची शिस्त तिथल्या शस्त्रक्रियागृहात बसवणे, हे काम त्याला द्यावे.

कारण नमुन्याची हेळसांड तिथूनच सुरू होते. मोठी गाठ अरुंद तोंडाच्या औषधाच्या बाटलीत कोंबलेली आम्ही पाहिली आहे. फॉर्मलिनमध्ये ती कडक होते आणि बाटली फोडल्याशिवाय बाहेर येत नाही. सलाइनमध्ये रात्रभर राहिलेला तुकडा तर कुजायला लागलेला असतो. रुंद तोंडाची बरणी, दहा टक्के फॉर्मलिन आणि तेही नमुन्याच्या किमान दहा पट, शिवाय वय, तक्रार आणि संशयित निदान लिहिलेला फॉर्म, एवढे सभागृहातल्या माझ्या डॉक्टर मित्रांनी सांभाळले तर पुष्कळ होईल.

शेवटची विनंती रुग्णांच्या नातेवाइकांना. पुढील तपासण्यांसाठी मेणाचे ब्लॉक घेऊन आपल्याकडची माणसे कोयना किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसने परळला टाटा रुग्णालयात जातात. 1941 साली ते सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती, आणि तिथले निदान पाहण्याची उत्सुकता आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला असते. पण ब्लॉक गेला की त्या रुग्णाची गोष्ट इथे तुटते. आयएचसीत, म्हणजे पेशींवरची विशिष्ट प्रथिने रंगाने दाखवणाऱ्या तपासणीत, काय निघाले, आमचा अंदाज टिकला की बदलला, हे तुकडा कापणाऱ्या मुलाला कधीच कळत नाही. मुंबईहून परतल्यावर तिथल्या रिपोर्टची एक झेरॉक्स, ज्या विभागातून ब्लॉक नेला त्या विभागात द्यावी आणि त्यावर आपला इथला बायोप्सी क्रमांक लिहावा. तो क्रमांक आमच्या रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात छापलेला असतो.