पाव किलो जवळा

(दृश्य: नंदुरबारबाहेरची मिरची पथारी, सकाळचं ऊन)

नंदुरबार सोडून जरा बाहेर आलं की आधी ठसका लागतो, मग लाल रंग दिसतो. नजर पोचेल तिथवर मिरची पसरलेली. बाया नाकाला फडकं बांधून ती उलटीपालटी करतात. ऊन आणि वारा, याखेरीज इथे काही लागत नाही. अगदी हीच रीत इथून पश्चिमेला, दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, किनाऱ्यावर चालते. तिथे मिरचीच्या जागी मासे असतात.

ते आम्ही शूट केलेलं नाही. आधीच सांगून टाकतो: समुद्राच्या या फिल्ममध्ये समुद्र एकदाही दिसणार नाही. गाडीभाडं तिथवर पुरलं नाही हे एक कारण. दुसरं कारण आत्ता पडद्यावर आहे.

(दृश्य: आठवडे बाजार, सुक्या मासळीची दुकानं)

गोणपाटावर ढीग लागलेत. बोंबलाच्या जुड्या, सोडे, करंदी, वाकट्या, सुके ढोमे. आणि या टोकाला जवळा, फिकट गुलाबी, भुशासारखा हलका. मावशी तो पत्र्याच्या मापानं तराजूत ओतते. गेली कित्येक वर्षं ती हेच विकते. आम्ही विचारलं, मावशी, समुद्र पाहिलाय का? ती हसली. "समुद्र मी काय देखा नही रे भाऊ. माल देखा."

जवळच्याच एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या मुलामुलींनी तिच्याकडून पाव किलो जवळा घेतला, शिवाय चार ढोमे आणि बोंबलाची एक जुडी. यातल्याही बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. पण त्यांच्या मॅडमचं म्हणणं सरळ आहे. डोल जाळ्यात, म्हणजे समुद्रात बांधून ठेवलेल्या जाळ्यात, जे आलं ते सगळं या ढिगात आहे. हा समुद्राचा नमुनाच आहे, फक्त वाळलेला, आणि रुपये मोजून मिळणारा.

(दृश्य: प्रयोगशाळा, पांढऱ्या ताटातला जवळा, जवळून)

जवळा कोमट पाण्यात भिजत घातलाय. कोरडा हाताळला तर भुगा होतो. अर्ध्या तासात एकेक जवळा सुटा होतो, आणि मग ताटं समोर घेऊन चौघी बसतात. हातात चिमटे, बाजूला छोट्या वाट्या.

पुष्कळांना वाटतं, जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं. तसं नाही. तो मोठा झाला तरी एवढाच असतो, दोन ते चार सेंटिमीटर. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी १८३० मध्ये त्याला नाव दिलं, असेटिस इंडिकस. कोळंबीला चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात, जवळ्याला तीनच. शेवटच्या दोन जोड्या त्याला नाहीतच. पुस्तकात हे एका ओळीत संपतं. ताटात बघा काय होतं. वाळताना निम्मे पाय मोडलेले, मिशा तुटलेल्या. एखादा धड नमुना हाताशी लागला की पोरी एकमेकींना हाका मारून दाखवतात. ही हाक आम्ही मुद्दाम कापली नाही.

आता त्या वाट्या. पहिलीत जवळा, ती भरभर भरते. दुसरीत करंदी. तिसरीत मांदेली, मागे निमुळती होत गेलेली शेपटी पाहून ओळखायची. चौथीत बोंबलाची पिल्लं, सुतळीच्या धाग्यासारखी. पाचव्या वाटीला नाव नाही, ओळखू न येणारं सगळं तिच्यात. एक खेकडा, करंगळीच्या नखाएवढा. आणि हे एक चपटं, गोलसर, नाण्याएवढं पिल्लू. मॅडमनी भिंगातून पाहिलं, परत पाहिलं. वहीत नोंद झाली: "पापलेट?" ते प्रश्नचिन्ह मॅडमनीच घालायला लावलं.

वहीत आकडेही आहेत. ते मी वाचून दाखवणार नाही. एका दुकानातल्या पाव किलोवरून समुद्राबद्दल विधान करायचं नसतं, हा त्यांचा त्या दिवसाचा पहिला धडा होता.

निवडत बसणं कमी दर्जाचं काम वाटतं. आपल्याकडे मेथी निवडणाऱ्या बाईला कोण शास्त्रज्ञ म्हणतो? पण भारतातलं समुद्रविज्ञान उभं राहिलं त्यात अशा निवडण्याचा वाटा मोठा आहे. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांची जहाजं हिंदी महासागराच्या पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेवर होती. प्लवक, म्हणजे पाण्यासोबत वाहणारे बारके जीव, गोळा करायला सगळ्यांना एकाच मापाचं जाळं दिलं होतं. दोनशे मीटर खोलीवरून ते सरळ वर ओढायचं आणि आलेलं बाटलीत भरायचं. बाटल्या निवडायला कोचीला यायच्या. १९६२ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं तिथे एक केंद्रच काढलं होतं. तरुण मुलंमुली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जीव वेगळे करत बसायची. या ताटापुढे बसतात तशीच. मोहीम संपली आणि १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. संचालक होते डॉ. एन. के. पणिक्कर. आज तिचं मुख्यालय गोव्यात, दोना पावलाला आहे.

(दृश्य: बोंबलाची जुडी सोडताना, मग जबडा जवळून)

हा बोंबील. ताजा असतो तेव्हा अंगात बहुतेक पाणीच असतं, हातात धरला तर लोंबतो. वाळला की काडी. पण तोंड बघा. खालचा जबडा पुढे आलेला, आत सुईसारखे बारीक, आत वळलेले दात. हा शिकारी मासा आहे. जवळा हे त्याचं आवडतं खाणं, आणि वेळ आली तर स्वतःच्या जातीचं पिल्लूही सोडत नाही. याच दातांचा कोळी लोक उपयोग करतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, आकडा नाही. आमच्या जुडीतली एक जोडी अजून सुटलेली नाही, कॅमेऱ्यापुढे ओढूनही.

गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बोंबील मुबलक. भरती-ओहोटीचा जोर इकडे फार. खंबातच्या आखातात पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. डोल जाळं याच जोरावर चालतं. ते ओढायचं नसतं, बांधून ठेवायचं. पाणीच मासा आत घालतं, मोठा आणि लहान एकाच वेळी. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ५४ जातींच्या माशांना पकडण्यासाठी किमान लांबी ठरवून दिली, बोंबलाला १८० मिलिमीटर, पापलेटला १३५. वाळून आखडतो हे धरलं तरी चौथ्या वाटीतलं एकही त्या मापात बसत नाही.

(दृश्य: प्रकाशे, तापी-गोमाई संगम, ड्रोन)

प्रकाशे. दक्षिण काशी म्हणतात हिला. इथे गोमाई तापीला मिळते. शॉट चांगला आलाय म्हणून थोडा जास्त ठेवलाय. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली तापी पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा असं सगळं खान्देशचं पाणी गोळा करत इथवर येते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास संपवून सुरतेपलीकडे अरबी समुद्रात जाते. पावसाळ्यात तिचा रंग चहासारखा असतो. तो रंग म्हणजे आपली काळी माती, शेतातलं खत, सगळं आलं. खाडीच्या गढूळ पाण्यात जे जीव वाढतात त्यांच्यापर्यंत ते पोचतं. पूर्वी जास्त पोचायचं, १९७२ पासून वाटेत उकाई धरण आहे आणि बराच गाळ तिथेच बसतो. धरणाच्या पाण्याखाली नवापूरकडची गावंही गेली.

(दृश्य: परत प्रयोगशाळा, ढोम्याचं डोकं)

आता ज्यासाठी आम्ही तीन दिवस थांबलो ते.

ढोमा रात्रभर भिजवला. डोक्याची कवटी वरून कात्रीनं उघडली, मेंदूच्या खालच्या बाजूला चिमटा घातला. निघाला. पांढरा खडा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. हा माशाच्या कानातला खडा. तोल सांभाळायला आणि ऐकायला लागतो. सगळ्याच काटेवाल्या माशांना असतो, पण घोळ-ढोम्याच्या कुळात चांगला ठसठशीत. चुन्याचा बनलेला, म्हणून मीठ लागो, ऊन लागो, शाबूत राहतो.

खडा रोज वाढतो. रोज एक पातळ थर. हे १९७१ मध्ये ज्योर्जो पानेला यांनी दाखवलं. त्याआधी थंड समुद्रातल्या माशांच्या खड्यावर वर्षावर्षाची वलयं मोजत. आपल्या उबदार पाण्यात ती नीट उमटत नाहीत, तिथे दिवसाच्या रेघा कामाला येतात.

खडा काचपट्टीवर चिकटवला, नेलपॉलिशनं. मग बारीक पॉलिश पेपरवर घासायचा. दहा वेळा घासा, बघा. परत दहा वेळा. जास्त घासलं की मधला गाभा जातो आणि मासा फुकट. पहिले दोन असेच गेले. तिसऱ्याला ती पोरगी श्वास रोखून बसली होती, ते दिसतंच आहे.

तेलाचा थेंब. डोळा भिंगाला. आणि या रेघा, शाळेच्या वहीतल्यासारख्या. कुठे दाट, कुठे विरळ. खाणं मिळालं, नाही मिळालं, पाणी गार झालं, सगळं इथे उमटतं. ती पेन्सिलीच्या टोकानं मोजत जाते. मधेच चुकते, परत पहिल्यापासून. एकदा मोजून भागत नाही. दुसरीनं, पहिलीचा आकडा न ऐकता, पुन्हा मोजायचं. दोघींचे आकडे जुळले नाहीत. मॅडमनी चौथा ढोमा भिजत घातला.

भिजवला नव्हता तेवढा जवळा शिपाईमामांनी कांदा-मिरचीवर परतला. सोबत कळण्याची भाकर होती. ताटं लगेच रिकामी झाली, तो शॉट नाही, कारण कॅमेरामनही जेवत होता.