सामाईक भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात आपल्या सांगलीत माणसं एकमेकांची खुशाली नंतर विचारतात, आधी विचारतात, "आयर्विनला किती फूट?" आयर्विन म्हणजे आपला कृष्णेवरचा पूल. तिथं पाणी ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ५७ च्या वर गेला. माझं घर विश्रामबागेत. उंबऱ्याला पाणी लागलं नाही, लाइटसुद्धा एकच रात्र गेली. तरी त्या पुरानं मला गाठलंच.

मी मानसशास्त्रज्ञ. तेव्हा एका शाळेतल्या निवारा केंद्रात सतरंजीवर बसून लोकांचं ऐकणं हे माझं काम होतं. पूरग्रस्तांचं तर होतंच. पण रात्री बोटीवरून परतलेले जवान, १०८ चे ड्रायव्हर, बंदोबस्त संपवून आलेले पोलीस, हेही चहाचा कप घेऊन शेजारी टेकायचे. त्यांचं कोण ऐकणार? एक जण कपाकडे बघत म्हणाला, "हात सुटला ओ ताई." पुढचं मी इथं सांगणार नाही, ते माझं नाही.

पाणी उतरलं. महिनाभरानं मुलीला शाळेत सोडताना मी तिचं मनगट एवढं आवळून धरायला लागले की ती म्हणायची, "आई, दुखतंय." स्वप्नात एक हात निसटायचा. मी तो कधी पाहिलेला नव्हता, फक्त ऐकलेला. गणपतीला जाताना घाटाचा रस्ता टाळून लांबून जायचे. आणि एक दिवस परीक्षेच्या भीतीनं रडणारा मुलगा समोर बसला असताना मनात आलं, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास! स्वप्नांपेक्षा मी त्या विचारानं जास्त घाबरले.

गावभागात माझी मावशी राहते. तिचं जोतं उंच, पाणी शेजारच्या घरात शिरलं, तिच्याकडे नाही. दिवाळीच्या सुमारास तिच्या माजघराच्या भिंतीचे पोपडे पडायला लागले. ती म्हणाली, "अगं, भिंत सामाईक आहे ना."

आमच्या शास्त्रात याला दुय्यम आघाताचा ताण म्हणतात. अमेरिकेतल्या चार्ल्स फिग्ली यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच लिहिलं. कामानं आलेला थकवा वेगळा, तो हळूहळू साचतो. हा ताण एखाद्या हकिकतीतून अचानकही येऊ शकतो. लक्षणं तीच, जी प्रत्यक्ष आघात सोसलेल्याला होतात: नको ती चित्रं डोळ्यांपुढे येणं, टाळाटाळ, झोप उडणं, जरा खुट्ट झालं की दचकणं. २०१३ साली मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणानंही मान्य केलं की कामाचा भाग म्हणून भयानक तपशील वारंवार कानावर पडणं हाही आघात ठरू शकतो. टीव्हीवर पूर पाहणं मात्र त्यात धरलेलं नाही. हे तपासायला १७ प्रश्नांची एक मोजपट्टी आहे, गेल्या सात दिवसांबद्दल विचारते. मी ती कितीतरी जणांकडून भरून घेतली होती. स्वतः भरायला मला तीन महिने लागले. "तुम्हाला तर सगळं माहीत असतं" असं लोक म्हणतात ना, ते आम्हीही खरं मानून बसतो.

पूर्वी समज असा होता की आघातानंतर लगेच सगळं बोलून मोकळं व्हावं. संशोधनानं तो टिकू दिला नाही. एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्यानं पुढचा आजार टळत नाही. म्हणून आता आधी अन्न, कोरडे कपडे, घरच्यांशी फोन; माणूस बोलला तर ऐकायचं, उकरायचं नाही. यानं समोरचा वाचतो आणि ऐकणाराही.

आमच्यासाठी त्या वेळी कुणीतरी प्राणायाम शिकवायला आलं होतं. प्राणायाम चांगलाच. पण दिवसभर एकामागून एक माणसं समोर बसवायची आणि संध्याकाळी श्वास मोजायला लावायचं, म्हणजे कौलं गळकी ठेवून खाली पातेलं मांडायचं. दिवसाला किती जणांना भेटायचं याला मर्यादा हवी. एकटीला पाठवू नये, जोडीनं पाठवावं. ठरावीक दिवसांनी सक्तीची सुट्टी हवी, आणि आमचं ऐकणारं कुणीतरी अनुभवी माणूस नेमलेलं हवं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा आमच्या गटानं एवढं तरी मागून घेतलं. सुट्टी मिळाली नाही, जोडी मिळाली.

मध्यंतरी एका पावसाळ्यात पातळी ४० कडे सरकायला लागली आणि माझी झोप पुन्हा उडाली. रात्री दीडला मी १४४१६ लावला, टेलीमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा. २०२२ पासून हा नंबर आहे, फुकट आहे. पलीकडे तरुण मुलगी होती. मी काय काम करते ते सांगितल्यावर ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "मॅडम, सावकाश बोला. तपशील नको असतील तर नका सांगू."

फोन ठेवण्याआधी मी तिला विचारलं, "तुझी ड्यूटी किती वाजता संपते गं?"