द्रुत बंदिश आणि तबकडीची आतली कड

रसिकहो, घरी मन लावून संगीत ऐकणारे चार जण जमले आणि ‘स्ट्रीमिंग की विनाइल’, म्हणजे इंटरनेटवरून ऐकावे की तबकडीवरून, असा विषय निघाला, की थोड्याच वेळात कान बाजूला राहतात आणि निष्ठा बोलू लागतात. आज मला हा विषय एका अरुंद बाजूने पाहायचा आहे. आपण बहुतेक जण ख्याल ऐकणारे आहोत. विलंबित लयीत शांतपणे सुरू होणारा, हळूहळू भरत जाणारा आणि शेवटी द्रुत बंदिशीत तानांच्या गर्दीवर येऊन थांबणारा हा गानप्रकार दोन्ही माध्यमांत कसा उतरतो, एवढेच तपासू.

ख्याल ध्वनिमुद्रणात उतरला तो मुळात एलपी म्हणजे लाँगप्ले तबकडीमुळे. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तेवढ्यात थोर गवयांनी रागाचे जे दर्शन घडवले ते थक्क करणारे असले, तरी तो अर्क होता, बैठक नव्हे. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी विनाइलची लाँगप्ले तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. १९५५ साली अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदवादनाची एलपी अमेरिकेतच निघाली. तिच्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांचे प्रास्ताविक आहे, आणि भारतीय रागसंगीताची पहिली एलपी म्हणून तिचा उल्लेख होतो. पुढे आपल्याकडे एका बाजूला एक राग, आधी विलंबित आणि मग द्रुत, अशी मांडणी रूढ झाली.

नेमकी हीच मांडणी तबकडीच्या भूमितीशी जुळत नाही. फेऱ्यांचा वेग कायम असतो, एका फेरीला १.८ सेकंद लागतात. पण बाहेरच्या कडेला, केंद्रापासून सुमारे साडेचौदा सेंटिमीटरवर, सुईखालून सेकंदाला जवळपास ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या कडेला, सहा सेंटिमीटरवर, जेमतेम २१. म्हणजे तोच सूर आत जाताना निम्म्याहूनही कमी जागेत कोंबावा लागतो. दहा हजार हर्ट्झचे (सेकंदाला दहा हजार कंपनांचे) एक आवर्तन बाहेर ५१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असते, आत २१ मायक्रॉन. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन धरली, तर आतल्या भागातील बारीक वळणांत ती नीट शिरूच शकत नाही. विलंबिताच्या पहिल्या आवर्तनांना, जिथे गायकी शांत आणि तबला ठेक्यापुरता असतो, तबकडीची उत्तम जागा मिळते. आणि आवाज चढलेला, ताना दाट, तबलजी चाटीवर (तबल्याच्या कडेवर) जोर देत असलेला असा सगळा ऐवज सर्वांत वाईट जागेत जाऊन पडतो. जुन्या तबकड्यांवर द्रुतात ‘स’, ‘श’ फुटल्यासारखे ऐकू येतात, त्यामागे झीज असतेच, पण हे कारणही असते. लंबगोल किंवा त्याहून बारीक घडवलेली सुई घेतली की फरक चटकन जाणवतो. म्हणून टर्नटेबलवर खर्च करायचाच असेल, तर लाकडाच्या पॉलिशपेक्षा सुईवर करावा.

दुसरी अडचण तानपुऱ्याची. तबकडीचे भोक अगदी मध्यावर नसेल तर खाच सुईखालून कधी किंचित जलद, कधी किंचित मंद सरकते आणि सूर दर १.८ सेकंदांनी वरखाली झुलतो. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल, तर खाचांच्या पट्ट्याच्या साधारण मध्यावर, केंद्रापासून दहा सेंटिमीटरवर, वेगात अर्धा टक्का चढउतार होतो, म्हणजे सूर दोन्ही बाजूंना साडेआठ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) हलतो. आतल्या कडेला हाच झोका एकूण सुमारे २९ सेंटांवर जातो, आणि प्रमाणश्रुतीचे, म्हणजे श्रुतींमधल्या सर्वांत लहान टप्प्याचे, अंतर सुमारे २२ सेंट आहे! ड्रमच्या ठोक्यांनी भरलेल्या गाण्यात हे लपून जाते. आपल्याकडे अखंड षड्ज मागे चालू असतो, त्यामुळे ते लपत नाही. चोरबाजारात तबकडी पाहताना आपण ओरखडे निरखतो. भोकाकडे मात्र कुणी बघत नाही.

फोनो स्टेजबद्दल, म्हणजे तबकडीचा क्षीण संकेत सुधारून वाढवणाऱ्या जोडणीबद्दल, थोडक्यात सांगतो. तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि तार भाग उचललेला असतो; वाजवताना तो आरआयएए नावाच्या ठरावीक वक्राप्रमाणे उलटा करावा लागतो. शिवाय मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई धरणाऱ्या भागातून) जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट मिळतात. फोनोची सोय नसलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये (साध्या जोडणीत) वायर खुपसून ‘विनाइल पातळ वाजते’ असे म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही.

आता डिजिटलकडे वळू. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले म्हणजे सुराच्या पायऱ्या होतात आणि मधला भाग हरवतो, हा समज अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे. श्राव्य मर्यादेतली लहर त्या नमुन्यांवरून डीएसीमधला (आकड्यांचा ध्वनिसंकेत करणाऱ्या उपकरणातला) फिल्टर पुन्हा सलग उभी करतो. मींड तुटत नाही. सोळा बिटांत सर्वांत मंद आणि सर्वांत मोठा आवाज यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते, तर चांगल्या एलपीवर साठ-सत्तर. सीडीचा मूळ प्रवाह १,४११ केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) असतो. ३२० केबीपीएसच्या संक्षेपित प्रवाहात त्यातले बरेच काही गाळले जाते, तरी फरक ओळखणे सोपे नाही. अ‍ॅपल म्युझिकने २०२१पासून जादा पैसे न घेता लॉसलेस (काहीही न गाळलेला प्रवाह) देऊ केले आहे. मात्र तेच लॉसलेस ब्लूटूथवरून स्पीकरला पाठवले, की वाटेत सहसा पुन्हा संक्षेप होतो. आतली कड नाही, भोक नाही, झीज नाही: मोजमापाच्या कसोटीवर ख्यालासाठी स्ट्रीमिंगच सरस आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरीही एखादी जुनी एलपी त्याच मुद्रणाच्या स्ट्रीमिंगपेक्षा जिवंत वाटते, आणि तो भास नसतो. एलपी कापली गेली तेव्हा टेप ताजी होती. डिजिटल आवृत्ती कधी कधी दशके जुन्या टेपवरून, तर कधी चक्क तबकडीवरूनच केलेली असते, आणि खरखर काढण्याच्या उत्साहात जवारीतून (तानपुऱ्याच्या घोडीवरच्या तारेच्या बसणीतून) उमटणारे वरचे स्वरांशही पुसले जातात. तानपुरा मग घोंगावतो, झणकारत नाही. काही ठिकाणी प्रत्येक ट्रॅकचा आवाज एकाच पातळीवर आणला जातो. आलाप आणि ‘झाला’ (वादनातला शेवटचा जलद भाग) हे वेगळे ट्रॅक असले, तर आलाप उगाच मोठा होतो आणि वादकाने योजलेली चढण सपाट होते. यांपैकी काहीही स्ट्रीमिंगच्या तंत्राचा दोष नाही, ते मास्टर (प्रती काढण्यासाठीची अंतिम आवृत्ती) करणाऱ्यांचे आणि मांडणाऱ्यांचे काम आहे. तबलासाथ कुणाची, हार्मोनियमवर कोण, हे वेष्टनाच्या मागे छापलेले असे. अ‍ॅपमध्ये ते बहुतेक वेळा सापडत नाही, याची मात्र मला मनापासून चीड आहे.

मास्टरचे महत्त्व किती, हे २०२२ साली अमेरिकेत दिसले. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी महागड्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध. त्या थेट मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून कापल्या जातात, असा ग्राहकांचा समज होता. त्यांतल्या बऱ्याच तबकड्यांसाठी मध्ये डीएसडी ही डिजिटल पायरी होती, हे त्या वर्षी बाहेर आले. ‘डिजिटल कानाला टोचते’ म्हणणाऱ्यांनीच त्या तबकड्या वर्षानुवर्षे वाखाणल्या होत्या. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. माझ्या मते त्यांचे कान बरोबर होते, सिद्धांत चुकला होता: काम उत्तम झाले होते, म्हणून तबकड्या उत्तम वाजत होत्या.

तेव्हा घरी तुलना करायची असेल, तर एकाच मुद्रणाची तबकडी आणि प्रवाह घ्या आणि आधी दोन्हींचा आवाज समान करा. फोनवरील ध्वनिमापक अ‍ॅप यासाठी पुरेसे आहे, कारण इथे फक्त दोन आकडे जुळवायचे आहेत. एखाद्या डेसिबलने मोठे वाजणारे माध्यम आपल्याला नेहमी ‘अधिक खुले’ वाटते आणि बहुतेक घरगुती निकाल इथेच फसतात. बदलाबदली दुसऱ्या कुणाला करू द्या. आणि विलंबिताची पहिली पाच मिनिटे ऐकून उठू नका. बाजूच्या शेवटची तीन मिनिटे, द्रुतातली, तेवढ्याच लक्षपूर्वक ऐका.