पाठ बघताना मुलांकडे बघू या

[दृश्य : साताऱ्याजवळची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग. मागच्या भिंतीलगत पाहुणे शिक्षक.]

दुसऱ्या तालुक्यातले शिक्षक आज इथे पाठ बघायला आलेत. मुलांनी एकदा मान वळवून पाहिलं आणि पुन्हा काड्या मोजायला लागली. पाहुण्यांची त्यांना सवय आहे.

साताऱ्याला ही ये-जा नवी नाही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं, म्हणजे मुलं स्वतः करून, विचार करून शिकतील अशा रीतीनं वर्ग चालवायला घेतले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे त्यामागे होत्या. पुढे 22 जून 2015 च्या शासन निर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि राज्यभरातून शिक्षक गाड्या करून कुमठ्याला येऊ लागले.

परत गेल्यावर अनेकांनी आधी वर्गाची फरशी रंगवून घेतली. अंकरेषा, मुळाक्षरं, शब्दांच्या चौकटी. त्याचा उपयोग झालाच. मुलं जमिनीवर गोल करून बसू लागली, खडू त्यांच्या हातात आला. पण फरशीचा फोटो काढता येतो. मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते ऐकून घेणाऱ्या शिक्षकाचा काढता येत नाही, आणि शिकवणं तर तिथेच घडतं. म्हणून आज आपला कॅमेरा भिंतीवर आणि फरशीवर फार रेंगाळणार नाही.

[दृश्य : वहीचं पान. 42 – 17 = 35]

हातच्याची वजाबाकी. बेचाळीसमधून सतरा. या मुलीचं उत्तर आहे पस्तीस.

हे पस्तीस नीट बघा. ते निष्काळजीपणातून आलेलं नाही. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे तिनं पहिलीपासून ऐकलंय आणि इथेही मनापासून पाळलंय. तिच्या चुकीला तिचं स्वतःचं कारण आहे. नुसती फुली मारली, तर ते कारण तसंच आत राहील.

मॅडम फुली मारत नाहीत. “कसं केलंस, सांग बरं,” एवढंच म्हणतात आणि थांबतात.

[निवेदन थांबतं. वर्गातला आवाज तसाच ठेवावा.]

हे थांबणं सोपं नाही. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेनं 1970 च्या सुमारास वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत आणि मग स्वतःच बोलू लागत किंवा दुसऱ्या मुलाला उठवत. हाच वेळ 3 सेकंदांपर्यंत नेला, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, आपल्या म्हणण्याची कारणं ती देऊ लागली, एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली.

मुलीनं दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे मांडलेत, शेजारी दोन सुट्या. सात काढायच्या आहेत. ती मॅडमकडे बघते. मॅडमची नजर काड्यांवर. शेजारचा मुलगा उत्तर सांगायला पुढे सरसावतो, मॅडम त्याला हातानंच थांबवतात. मुलगी एक गठ्ठा उचलते, खाली ठेवते, पुन्हा उचलते. मग रबर काढते. आता सुट्या काड्या बारा. त्यातल्या सात बाजूला, उरल्या पाच. तीन दशकांतला एक गेला.

“पंचवीस!”

इथे बरेच जण शाबासकी देऊन पुढच्या गणिताकडे वळतात. मॅडम विचारतात, “मग मघाशी पस्तीस कुठून आले?”

मुलगी वहीकडे बघते. “दोनातून सात जात नव्हते. मग मी सातातनं दोन घालवले.”

[दृश्य : पाहुणे जागेवरून उठून गटांजवळ येतात.]

आपल्याकडे शाळाभेट म्हटलं की शिक्षकाचं पाठाचं टाचण, फळ्यावरची तारीख, शैक्षणिक साहित्य बघायचं आणि शेरेबुकात शेरा लिहायचा. जपानमधल्या शिक्षकांची एकमेकांचे पाठ बघण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. तिथे बघणारे मुलांच्या आसपास फिरतात, कोण काय लिहितंय, कुठे अडतंय ते टिपतात आणि पाठ संपल्यावर त्यावरच चर्चा करतात. आपल्या केंद्रांच्या शिक्षण परिषदांमध्ये, म्हणजे आसपासच्या शाळांमधले शिक्षक एकत्र जमतात तेव्हा, असा एखादा पाठ सगळ्यांनी मिळून बघितला, तर किती गोष्टी कळतील!

पलीकडे चौथीची मुलं आपापल्या गटात शाब्दिक उदाहरणं तयार करून एकमेकांना घालताहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत 60 पर्यंत पटाला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एका वर्गाला शिकवताना दुसरा स्वतः शिकत राहील, ही सोय आधीच करून ठेवावी लागते.

[दृश्य : मधली सुट्टी. व्हरांडा.]

पाहुण्यांपैकी एक सर मनातलं विचारतात, “मॅडम, एका मुलीला एवढा वेळ दिला, तर अभ्यासक्रम पुरा कसा होणार?”

मॅडम आपली वही उघडतात. सहा मुलांचं उत्तर पस्तीसच आलं होतं, त्यांची नावं तिथे लिहिलेली आहेत.

“उद्या ही सहा जणं एकत्र बसतील. पण काड्या देणार नाही, खेळातल्या नोटा देईन. गठ्ठ्याचं रबर काढलं की झालं, दहाची नोट मात्र मोडून आणावी लागते. ते जमलं की मग वहीत हातचा लिहायला लावीन. थांबणार असाल तर उद्या मुलांमध्येच बसा, सर. कोण कुठे अडतंय ते मला सांगा.”