हार्डबोर्डच्या मागे

(हार्डबोर्ड उचकटला जातो. धूळ.)

भिंतीवर टिचकी मारली की इथे पोकळ वाजायचं. घर घेतल्यापासून तीन वर्षं वाजत होतं.

मँचेस्टर. एकमेकांना खेटून उभ्या विटांच्या घरांची रांग. घरमालकीणबाई मूळच्या सांगलीच्या. आत दिसतेय ती बिडाची फायरप्लेस. हो, तेच बीड, ज्याचा आपला डोशाचा तवा असतो. १७०९ साली अब्राहम डार्बीनं इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेलला कोक, म्हणजे भाजून घेतलेला दगडी कोळसा, वापरून लोखंड गाळलं. पुढे बीड इतकं स्वस्त झालं की साध्यासुध्या घरांच्या झोपायच्या खोलीतही अशी वेलबुट्टीची चौकट आली.

मग डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर विषारी धुकं बसलं, हजारो माणसं गेली. १९५६ला स्वच्छ हवेचा कायदा झाला. कोळसा हटला, गॅस आला. फायरप्लेस भंगारात गेल्या, नाहीतर अशा फळीआड.

(कानस नाही, घासणी नाही. रंगावर लेप.)

रंगाचे सहा थर. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. रंग काढायचा लेप लावला, वर स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिक गुंडाळलं. सकाळी पात्यानं सायीसारखा निघाला.

खालची जाळी गंजानं फुगली होती. गंज विजेनं काढायला ती परसात, टबात. पाणी, धुण्याचा सोडा आणि गाडीची बॅटरी चार्ज करायचा जुना बारा व्होल्टचा चार्जर. ऋण चिमटा जाळीला, धन चिमटा भंगारातल्या लोखंडी पट्टीला. उलटं जोडलंत तर जाळीच झिजेल. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून काम उघड्यावर.

दुसऱ्या दिवशी टबात नुसता गढूळ काढा. जाळी धुतली, आणि बघा, पुसेपर्यंत पुन्हा तांबूस झाक. मँचेस्टरची हवा! शेवटी हेअर ड्रायर आला.

(बोट पाठीमागच्या खुणेवर.)

चौकटीच्या पाठीवर ही चौकोनी खूण, पत्त्यातल्या चौकटसारखी. टोकावर रोमन एक, म्हणजे धातूकाम. १८४२ ते १८८३ या काळात ब्रिटनमध्ये सरकारदरबारी नोंदवलेल्या नक्षीवर अशी खूण असे. वर्षाचं अक्षर गंजानं खाल्लंय.

आता काळं पॉलिश, ग्राफाइटचं. बुटाच्या ब्रशनं. तव्याला आपण तेल लावून ठेवतो. इथे लावलंत तर पहिल्याच आचेला घरभर धूर. चोळता चोळता करडं लोखंड चमकायला लागतं, पानाची शीर न् शीर वर येते. बाईंची नखं अजून काळी आहेत.

लेप, पॉलिश, ब्रश, सोडा मिळून ३८ पौंड. चार्जर शेजाऱ्यांचा. दुकानात अशी तयार फायरप्लेस घ्यायची तर कित्येकशे पौंड मोजा.

चिमणीत धूर सोडून पाहिला, तो वरच्या खोलीत निघाला. तेव्हा जाळ नाही, सध्या मेणबत्त्याच.

(मेणबत्त्या. डावीकडची कमान.)

डावीकडचं हे पान उचकटताना तुटलं. बीड ठिसूळ, पहारीचा एक धक्का पुरला. तुकडा खिडकीत साखरेच्या डब्याशेजारी ठेवलाय. मागून पट्टी देऊन बोल्टनं बसवायचा आहे.