फाटकावरच्या तीन गोष्टी

श्रोतेहो, नमस्कार. जून १६६७. डच आरमार थेट इंग्लंडच्या मेडवे नदीत घुसलं. इंग्रजांची जहाजं जाळली आणि 'रॉयल चार्ल्स', खुद्द राजाच्या नावाचं जहाज, ओढत घेऊन गेलं. लंडनमध्ये लोक खवळले आणि पिकॅडिलीतल्या एका नव्याकोऱ्या वाड्यावर चालून गेले. खिडक्या फोडल्या, झाडं तोडली. फाटकावर लिहिलं, पाहण्यासारख्या गोष्टी तीन: डंकर्क, टँजियर आणि वांझ राणी.

वाडा होता एडवर्ड हाइडचा. क्लॅरेंडनचा अर्ल, राजाचा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे बडा मंत्री. मूळचा वकील. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर त्याच्या मुलासोबत, म्हणजे याच राजासोबत, दुसऱ्या चार्ल्ससोबत, यानं परदेशात कडकीचे दिवस काढले आणि १६६० साली त्याला गादीवर बसवण्यात मोठा वाटा उचलला. त्याच साली कळलं, आपल्या मुलीनं राजाच्या भावाशी गुपचूप लग्न केलंय आणि ती गरोदर आहे. तिला टॉवरमध्ये टाका, मुंडकं उडवा, असं आपण म्हणालो, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. बाप खरंच चिडला होता की चारचौघांत हात झटकत होता, देव जाणे. तिच्याच दोन मुली, मेरी आणि ॲन, पुढे इंग्लंडच्या राण्या झाल्या.

डंकर्क हे इंग्रजांच्या ताब्यातलं बंदर १६६२ मध्ये फ्रान्सला विकलं. त्याच पैशातून वाडा उठला, अशी बोलवा. पोर्तुगालच्या कॅथरिनशी राजाचं लग्न जुळवण्यात हाच पुढे. राणीला मूल नाही, तो दोषही याच्याच माथी!

राजाची लाडकी लेडी कॅसलमेन हिच्याशी तर त्याचा उभा दावा. १६६७ च्या ऑगस्टमध्ये हाइडचं पद जाणार हे ठरलं. तो राजवाड्यातून निघाला तेव्हा दुपार होत आली होती. बाई अजून अंथरुणात. तशीच आतल्या झग्यावर पक्ष्यांच्या पिंजऱ्याशी धावत गेली, म्हातारा जाताना बघायला. सॅम्युअल पेपिसच्या रोजनिशीत ही नोंद आहे. ज्याच्यासाठी याची हयात गेली, तो राजा मात्र त्याला वाचवायला पुढे आला नाही. नोव्हेंबरमध्ये हाइड फ्रान्सला पळाला. १६७४ मध्ये तिथेच, रूआंला वारला.

टँजियर, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं बंदर, कॅथरिनच्या आंदणात आलं होतं. त्याच आंदणात आपली मुंबईही होती. फाटकावर तिचं नाव लिहावंसं कुणालाच वाटलं नाही. १६६८ मध्ये राजानं ती कंपनीला देऊन टाकली, वर्षाला दहा पौंड खंडानं. त्याच वर्षी परमुलखात हाइडनं आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं.