चष्म्यामागचा परका

मंडळी, सुपरमॅन म्हटलं की पॅन्टवर घातलेली लाल चड्डी आठवून आपण आधी हसून घेतो. हसा खुशाल. सर्कशीतले पहिलवान तसाच पोशाख करायचे, तिथूनच ती आली. पण मला आज त्या चड्डीबद्दल बोलायचं नाही, माणसांत वावरताना तो जे क्लार्क केंटचं सोंग घेतो, त्या क्लार्क केंटच्या चष्म्याबद्दल बोलायचं आहे.

सुपरमॅनला जन्म दिला तो अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या दोन ज्यू पोरांनी, जेरी सीगल लिहिणारा आणि जो शुस्टर चित्रं काढणारा. दोघांचाही जन्म १९१४ चा, दोघांचेही आईबाप युरोपातून आलेले. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांसाठी दार जवळजवळ लावूनच घेतलं. त्या दाराच्या आत पोचलेल्या घरांतली ही मुलं.

त्यांच्या नायकाचा ग्रह फुटतो आणि आईबाप तान्ह्या बाळाला यानात घालून अंतराळात सोडतात. आपल्याला नदीत सोडलेला कर्ण आठवतो, ज्यू वाचकाला टोपलीत घालून नदीत सोडलेला त्यांचा संदेष्टा मोशे. सुपरमॅनच्या 'काल-एल' या जन्मनावात हिब्रूतला देववाचक 'एल' आहे, असंही हौसेने सांगितलं जातं. मला ते पटत नाही. १९३९ च्या वृत्तपत्री चित्रमालिकेत नावापुढे नुसतं इंग्रजी 'एल' (L) अक्षर होतं, आजचं 'El' हे स्पेलिंग नंतर आलं. ज्यूपण शोधायचंच तर ते नावापेक्षा वागण्यात शोधावं.

बघा, बॅटमॅन मुखवटा चढवतो तो अंगावर धावून जाण्यासाठी. सुपरमॅन मुखवटा चढवतो तो ऑफिसला जाण्यासाठी! चष्मा, सूट, पडेल चेहरा, आणि इंग्रजी वळणाचं, कुणाच्या डोळ्यांवर न येणारं नाव. नाव बदलून, बोलण्यातला हेल पुसून नोकरीला जाणाऱ्या स्थलांतरिताला हे सोंग वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि ज्या लोकांत आपण दबून वावरतो, त्यांना आपण खरे कोण ते कळलं तर? हे स्वप्नही त्याचंच.

जून १९३८ च्या पहिल्या अंकात हा गडी करतो तरी काय? निरपराध बाईचा मृत्युदंड थांबवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चोपतो, एका सिनेटरला हाताशी धरणाऱ्या दलालाला घाम फोडतो. उडत नाही, नुसत्या उड्या मारतो. मंदीने पिचलेल्या माणसाचा कैवारी म्हणून मला हा पहिला सुपरमॅन नंतरच्यापेक्षा जास्त आवडतो. पुढे रेडिओवर त्याच्या ब्रीदात 'अमेरिकी रीत' आली आणि परग्रहावरचा पोरका देशाचा झेंडा होऊन बसला. तरी १९४६ मध्ये त्याच रेडिओवर तो एका चिनी-अमेरिकी कुटुंबाला छळणाऱ्या, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेच्या धर्तीवर रचलेल्या टोळीशी भिडला. म्हणजे मूळ अगदीच विसरला नव्हता.

आणि त्याचे जन्मदाते? हक्क विकले १३० डॉलरला. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, अंकांवरून त्यांची नावंही गेली. १९७५ मध्ये बराच गाजावाजा झाल्यावर कंपनीने दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर द्यायचं कबूल केलं आणि नावं परत छापली. तेव्हा शुस्टरची नजर इतकी गेली होती की त्याला चष्म्याचाही फारसा उपयोग उरला नव्हता.